हस्तकलेचं ऑनलाइन दुकान चालत नाही? किनाऱ्यावरच्या नव्या विक्रेत्यांसाठी

दुकान उघडलं, पंधरा-वीस वस्तूंचे फोटो चढवले, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर लिंक टाकली. पहिल्या आठवड्यात पुण्याच्या मामेबहिणीने एक तोरण मागवलं आणि त्यानंतर कोणी फिरकलंच नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत करवंटी, काथ्या, बांबू, लाकूड, कापड यांत काम करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मग कोणी सांगतं रोज रील टाका, कोणी सांगतं जाहिरात करा, आणि कोणी ‘गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणत पाच हजार मागतं.

माझं मत निराळं आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावं लागत नाही. मे महिन्यात, गणपतीत, नाताळच्या सुट्टीत ते आपल्या दारावरूनच जातं. वस्तू उचलून बघतं, ‘ह्या केवढ्याक?’ विचारतं आणि बॅगेत जागा नाही म्हणून ठेवून देतं. त्या माणसाला पुन्हा गाठायची जागा म्हणजे ऑनलाइन दुकान. अनोळखी गिऱ्हाईक येतं, पण या ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या मागून. खालच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १ : दुखणं कुठलं ते आधी ओळखा

गिऱ्हाईक येतच नाही, की येतं आणि न घेता जातं? दोन्हीचा उपाय वेगळा, आणि बरेच जण पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध घेत बसतात. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल अकाउंट केलं की इनसाइट्स, म्हणजे किती जणांनी पाहिलं त्याचे आकडे दिसतात, एट्सीवर (हस्तकलेच्या परदेशी ऑनलाइन बाजारात) स्टॅट्सचं पान असतं, स्वतःची वेबसाइट असेल तर गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट जोडता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच विकत असाल तर वही पुरे: किंमत किती जणांनी विचारली, किती जणांनी घेतलं.

ऑनलाइन दुकानात शंभर माणसं आली तर एक-दोन जण घेतात, हा ढोबळ अंदाज धरून चाला. महिन्यात चाळीसच जणांनी पान उघडलं असेल आणि विक्री शून्य असेल, तर वस्तूला नावं ठेवायचं कारण नाही. माणसंच कमी आली. तुम्ही थेट पायरी ४ वर जा. चारशे जण येऊन गेले आणि एकानेही घेतलं नाही, तर दोष फोटोत, वर्णनात किंवा भावात आहे. तिथे आणखी माणसं आणून उपयोग नाही, आधी पायरी २ आणि ३ नीट करा.

पायरी २ : वस्तूचं पान

नाव. ‘सागरकन्या’, ‘निसर्गस्पर्श’, ‘माहेरची ओढ’ अशी नावं ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण शेवटी. गिऱ्हाईक शोधताना ‘करवंटीचा वाडगा’, ‘बांबूचा लॅम्प’, ‘गणपतीचं कापडी तोरण’ असं टाइप करतं. म्हणून आधी वस्तू, मग साहित्य, मग उपयोग, मग माप: ‘नारळाच्या करवंटीचा वाडगा, हाताने घासलेला, सुक्या खाऊसाठी, व्यास १२ सेंमी’. हेच नाव रोमन लिपीत, इंग्रजी शब्दांतही लिहा, कारण मुंबईतला मराठी माणूसही बहुतेक वेळा ‘कोकोनट शेल बोल’ असंच शोधतो. एट्सीवर एका वस्तूला १३ टॅग, म्हणजे शोधात सापडण्यासाठीचे शब्द, देता येतात. तेराही भरा आणि प्रत्येक वेगळा ठेवा. भेट कुणाला, कुठल्या सणाला, कुठल्या खोलीत ठेवायची, हे सगळे टॅगच आहेत. गूगलच्या शोधचौकटीत शब्द टाकून थांबलं की खाली सूचना येतात. लोक काय शोधतात ते तिथे आयतं कळतं.

फोटो. यासाठी कॅमेरा नको, फोन चालतो. फक्त फोटोआधी लेन्स मऊ कापडाने पुसा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लेन्सवर चिकट थर बसतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. लोक त्याचा दोष फोनला देतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पडवीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो काढा. पावसाळ्यात ढगाळ उजेड तर याहून चांगला, सावल्या पडत नाहीत. जांभ्याच्या भिंतीसमोर फोटो काढायची आपल्याकडे फार हौस. भिंत देखणीच असते, पण तिचा लाल रंग लाकडावर आणि काथ्यावर उतरतो आणि गिऱ्हाइकाला वेगळीच छटा दिसते. पहिला फोटो पांढऱ्या किंवा फिकट खादीवर, फक्त वस्तूचा. दुसरा हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. तिसरा वापरातला: वाडग्यात काजू, तोरण दारावर, लॅम्प पेटलेला. चौथा शिवण, गाठ, रंगकाम जवळून. एक फोटो मागच्या बाजूचाही हवा. जांभा आवडतच असेल तर त्याला शेवटचा नंबर द्या.

वर्णन. ‘अतिशय सुंदर, युनिक, प्रेमाने बनवलेले’ यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. त्याला माप, वजन, साहित्य, निगा आणि किती दिवसांत मिळेल एवढं हवं असतं. त्यानंतर त्या वस्तूची अशी एक खरी गोष्ट सांगा जी दुसऱ्या दुकानात मिळणार नाही. उदाहरणार्थ, सावंतवाडीची गंजिफा विकत असाल तर ‘पारंपरिक हस्तकला’ म्हणून थांबू नका. दशावतारी गंजिफाच्या पूर्ण संचात १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, हे लिहा. वाचणारा शेवटपर्यंत वाचतो. पिंगुळीच्या चित्रकथीवर, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेवर, आधारित काही करत असाल तर ती ठाकर समाजाची कला आहे आणि ती जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे दोन ओळींत सांगा. मात्र नाव त्याच जागेचं घ्या जिथून वस्तू आली. दुसरीकडून आणलेली खेळणी ‘सावंतवाडीची’ म्हणून विकली तर चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो, आणि जाणकार गिऱ्हाईक ते एका नजरेत ओळखतं.

आणि किंमत लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाचून बरेच लोक पुढे सरकतात. भाव विचारला आणि परवडला नाही तर नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून ते विचारतच नाहीत.

पायरी ३ : भाव आणि टपालखर्च

एक वाडगा घेऊन हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. करवंटी, सँडपेपर, तेल असं साहित्य ४० रुपये. अडीच तासांचं काम, ताशी ८० रुपयांनी २००. बॉक्स आणि पॅकिंग ३५. मोडतोडीसाठी १५. वीज, नेट, जाण्यायेण्याचे १०. झाले ३००. त्यावर पाव हिस्सा नफा, ७५. म्हणजे तुमच्या हातात ३७५ यायला हवेत. टपाल ७० रुपये धरलं तर ४४५. ज्या मंचावर, म्हणजे विक्रीच्या संकेतस्थळावर, विकता तो शंभरामागे १० घेत असेल तर ४४५ ला ०.९ ने भागा. येतात साधारण ४९५. ४४५ वर दहा टक्के चढवले की ४९० येतात आणि प्रत्येक पार्सलमागे थोडेथोडे पैसे आपल्याच खिशातून जातात, कारण मंच आपला वाटा विक्रीच्या किमतीवर कापतो.

‘अडीच तासांचे पैसे कोण देतं, घरचंच काम’ असं बायका नेहमी म्हणतात. पन्नास वाडग्यांची ऑर्डर येऊन मदतीला शेजारीण बसवावी लागली की तिला ताशी पैसे द्यावेच लागतात, आणि मग भाव वाढवता येत नाही. श्रम पहिल्या दिवसापासून भावात धरा.

४९५ ‘टपालासह’ असं लिहा. ४२५ रुपये वाचून खूश झालेलं गिऱ्हाईक शेवटच्या पानावर आणखी ७० दिसले की मागे फिरतं. एकट्या वाडग्यावर टपालाचा बोजा फार होतो, म्हणून दोनांचा किंवा चारांचा जोड करा. टपाल त्या मानाने फार वाढत नाही आणि भेटवस्तू म्हणूनही तो शोभतो.

कुरिअरवाले वजनासोबत आकारही मोजतात, हे नव्यांना पहिल्या बिलावर कळतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि ५००० ने भागा. ३० × २० × १५ चा खोका म्हणजे १.८ किलो, मग आत ४०० ग्रॅमचाच बांबूचा लॅम्प का असेना. हलक्या पण फुगीर वस्तू करणाऱ्यांनी एकात एक बसणाऱ्या किंवा मोडून सपाट होणाऱ्या रचना केल्या तर टपालावरच नफा वाचतो.

पायरी ४ : पहिली गिऱ्हाइकं दारातून

इथे खरा वेळ घाला.

पर्यटकांपासून सुरुवात करा. तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, दापोली, मुरूड, जिथे जवळ असेल तिथल्या होमस्टेवाल्या काका-काकूंशी बोला. दुकानाचं पत्रक तिथे ठेवू नका, ते कचऱ्यात जातं. चार वाडगे वापरायला द्या. पाहुणा सकाळी घावणे-चटणी त्यातून खाईल, हातात फिरवून बघेल आणि ‘हे कुठे मिळतं’ विचारेल. तेव्हा काकूंच्या हाताशी एक छोटं कार्ड असावं: एका बाजूला वस्तूचा फोटो, दुसऱ्या बाजूला क्यूआर कोड आणि ‘घरपोच पाठवतो’ हे दोन शब्द. काकूंचा वाटा आधीच ठरवा आणि महिन्याच्या महिन्याला न मागता द्या. करवंटीतून खायला देणार असाल तर तिला चकाकी आणणारं रसायन लावू नका, नुसता खोबरेल तेलाचा हात पुरे.

बॅग भरलेल्या पर्यटकाला ‘इथे पसंत करा, पार्सल तुमच्या घरी पोचेल’ हे वाक्य म्हणायला शिका. स्टॉलवर पाटी लावा. इथे पैसे भरलेल्या माणसाचा पत्ता आणि नंबर तुमच्याकडे राहतो, आणि दिवाळीला पहिला मेसेज त्यालाच जातो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात कॅटलॉग करता येतो, गिऱ्हाइकांना लेबल लावता येतात, नेहमीची उत्तरं साठवता येतात. एकच मेसेज सगळ्यांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळे पार्सलचा फोटो पाठवताना सोबत लिहा: ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन वस्तू आली की कळवू.’ महिन्यातून एक-दोनदाच पाठवा. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानाला लोक म्यूट करतात.

चाकरमानी हे आपलं दुसरं हक्काचं गिऱ्हाईक. मुंबई-ठाण्यात गावच्या मंडळांचे, वाडीचे, भावकीचे ग्रुप असतात. तिथे नुसती लिंक टाकू नका. ‘गणपतीची सजावट यंदा काथ्याची करतोय, पंधरा घरांची करू शकतो, गावाला येणाऱ्यांनी इथूनच घ्या, टपालखर्च नाही’ असं लिहा. आकडा मर्यादित असला की माणूस लवकर ठरवतो, आणि तो खराही असावा.

कामाच्या जागी माणसं येऊ शकत असतील तर गूगल बिझनेस प्रोफाइल काढा. पडताळणीसाठी बहुतेक वेळा जागेचा छोटा व्हिडिओ द्यावा लागतो. एकदा नकाशावर आलात की ‘मालवणात काय घ्यावं’ शोधणारा पर्यटक तुम्हाला गाठू शकतो. नकाशावरचं अभिप्रायाचं पानही इथेच मिळतं.

अभिप्राय मागायची लाज सोडा. पार्सल पोचल्यावर आठवड्याने लिहा: ‘ताई, वाडगे नीट पोचले ना? वापरतानाचा एखादा फोटो पाठवलात तर दुकानावर लावीन, आणि दोन ओळी इथे लिहिल्यात तर फार मदत होईल.’ बहुतेक जण आनंदाने लिहितात. भावंडांकडून खोटे पंचतारांकित अभिप्राय लिहून घेऊ नका. सगळ्यांची आडनावं सारखी दिसतात.

इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात. तयार वस्तूपेक्षा होणारी वस्तू लोक थांबून बघतात: करवंटी कापताना उडणारा भुसा, सुंभ वळणारी बोटं, खेळण्यावर शेवटचा डोळा काढणारा कुंचला. गावाचं ठिकाण जोडा. तीन-चार व्हिडिओ एका दिवशी काढून मेटा बिझनेस सूट या साधनातून पुढच्या तारखा लावून ठेवा, म्हणजे आषाढात चार दिवस वीज गेली तरी दुकान जागं दिसतं. रोज नाचायची गरज नाही.

पायरी ५ : कुठे विकायचं

सुरुवातीला एक मंच आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच. पाच ठिकाणी दुकान मांडलं की पाचही ओस पडतात. हस्तकलेसाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाचं इंडियाहँडमेड पोर्टल आहे, अ‍ॅमेझॉनवर कारीगर आणि फ्लिपकार्टवर समर्थ हे कारागिरांसाठीचे विभाग आहेत. बचत गटातल्या बायकांनी ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कार्यालयात विचारावं, महालक्ष्मी सरस प्रदर्शनातला स्टॉल मिळाला तर ओळखी होतात आणि त्या वर्षभर पुरतात.

एट्सीची स्वप्नं बरेच जण बघतात. एक वस्तू मांडायला २० सेंट लागतात, ती चार महिने राहते, आणि विक्रीवर टपालखर्चासकट ६.५ टक्के जातात. पैसे वळते करण्याचा आकार निराळा. परदेशी विक्रीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक लागतो. डाकघर निर्यात केंद्रातून परदेशी पार्सल कागदपत्रांसह पाठवता येतं. पण अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली आहे. तिथल्या गिऱ्हाइकासाठी भाव ठरवताना शुल्क कोण भरणार हे आधी स्पष्ट करा. माझा सल्ला विचाराल तर पहिलं वर्ष पुणे-मुंबई-बंगळूरच.

पायरी ६ : पार्सल आणि पाऊस

काथ्या, बांबू, लाकूड या तिन्हींना आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. मृगाआधी माल कडकडीत उन्हात वाळवून बंद डब्यात ठेवा, प्रत्येक पार्सलमध्ये सिलिका जेलची पुडी टाका आणि खोक्याच्या आत एक प्लास्टिकचं आवरण द्या. बाहेरून कागद कितीही सुंदर असला तरी टपालगाडीत तो भिजणारच.

याच्या उलटी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. किनाऱ्याच्या दमट हवेत घडवलेलं लाकूड नागपूरच्या किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं आणि तडकतं. गिऱ्हाईक म्हणतं फुटकी वस्तू पाठवली. लाकूड पूर्ण मुरलेलंच वापरा आणि सोबत निगेची चिठ्ठी द्या: ‘एसीच्या झोताखाली ठेवू नये, महिन्याने तेलाचा हात द्यावा.’

पाठवण्याची मुदत सैल सांगा. जुलैत घाट बंद पडतो, गाडी उशिरा येते. सात दिवस सांगून पाचव्या दिवशी पोचलं तर कौतुक होतं. पोस्टात आता वेगळं ‘रजिस्टर्ड पोस्ट’ मागू नका. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. कॅश ऑन डिलिव्हरी नव्यांनी टाळावं. परत आलेल्या पार्सलचं दोन्ही वेळचं भाडं आपल्याच माथी बसतं. नाव कोरून किंवा माप घेऊन करायच्या वस्तूला निम्मे पैसे आधी घ्या.

सणांचे फोटो सणाच्या दीड-दोन महिने आधी चढलेले हवेत. गणपतीची सजावट आषाढात, दिवाळीचे कंदील गणपती विसर्जन झालं की लगेच. सुट्टीच्या मोसमात पर्यटकांकडून नंबर गोळा करायचे आणि पावसाळ्यात त्यांना विकायचं, असं वर्षाचं चक्र बसलं की जून-जुलै रिकामे जात नाहीत.

जाहिरात, सगळ्यात शेवटी

जी वस्तू जाहिरातीशिवाय आपोआप विकली गेली आहे, तिचीच जाहिरात करा. दिवसाला शंभर रुपये, दहा दिवस, फक्त पुणे-मुंबई-ठाणे. इन्स्टाग्रामवरच्या ‘बूस्ट’च्या बटणाने लाइक वाढतात, ऑर्डर क्वचित. हजार रुपयांत दोन-तीन ऑर्डरी आल्या नाहीत तर ते पैसे होमस्टेला देण्याच्या वाडग्यांत घाला.

कागदपत्रं

हस्तकला विकास आयुक्तांचं पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, काढा. लाकडी खेळणी करणाऱ्यांनी तर आधी तेच करावं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत काथ्याकाम, टोपल्या-चटया, पारंपरिक खेळणी, सुतारकाम हे सगळं बसतं; अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

जीएसटीच्या उलाढाल मर्यादेखालच्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स मंचावरून राज्यातल्या राज्यात विकायला नोंदणी सक्तीची नाही, फक्त जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. मंचावरून राज्याबाहेर विकायचं तर नोंदणी लागते, आणि सावंतवाडीहून तासाभरावर असलं तरी गोवा हे राज्याबाहेरच. थेट विकणाऱ्या हस्तकारागिरांना ठरावीक वस्तूंवर सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएला विचारून घ्या.

शंख-शिंपल्यांचं काम करणाऱ्यांनी सावध राहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ, समुद्रपंखा आणि काही जातींचे शंख विकणं गुन्हा आहे, मग ते वाळूत सापडलेले का असेनात. बाजारात उघड्यावर दिसतात म्हणून फोटो काढून दुकानावर चढवू नका. जात ओळखता येत नसेल तर कांदळवन कक्षाच्या किंवा वनखात्याच्या कार्यालयात नमुना दाखवा, आणि उत्तर येईपर्यंत ती वस्तू यादीतून काढून ठेवा.